दुसरी खुर्ची

मी निवडणुकीला का उभी राहिले, हे येईल त्यानं मला विचारलं आणि प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं. पत्रकाराला म्हटलं, लोकांची सेवा. नवऱ्याला म्हटलं, घरात बसून डोकं फिरायची वेळ आली आहे. पक्षाच्या लोकांना म्हटलं, विचार करून सांगते, आणि दुसऱ्याच दिवशी हो कळवून टाकलं. खरं कारण कुणाला सांगितलं नाही, कारण ऐकून लोक हसले असते. मला एका घरात शिरायचं होतं. पनवेलला लागून आमचं गाव आहे, आता शहरानं चारी बाजूंनी गिळलेलं. त्या गावात खाडीकडच्या आळीत माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे आणि ते दार मला बंद होतं. उमेदवार हा एकच प्राणी असा आहे की तो कुणाच्याही दारात बिनबोलावता जाऊन उभा राहिला तरी कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

त्याआधीची सगळी वर्षं मी न्यायाधीश होते. दिवाणी न्यायाधीशापासून सुरुवात केली आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. आपल्या जिल्ह्यात नेमणूक मिळत नाही, त्यामुळे पनवेल सोडून सगळा महाराष्ट्र पाहिला. पाहिला म्हणजे काय, सरकारी बंगल्याच्या खिडकीतून पाहिला. न्यायाधीशानं कुणाकडे चहा प्यायचा नाही, कुणाच्या लग्नाला जायचं नाही, दुकानात फार रेंगाळायचं नाही. हे सगळं कुठं लिहिलेलं असतं असं नाही, पण अंगात मुरतं. भाजीवाल्यानं दोन लिंबं जास्त टाकली तर मी ती पिशवीतून काढून परत ठेवायची. नवरा म्हणायचा, अगं, लिंबं आहेत ती, लाच नव्हे. मी म्हणायची, सुरुवात लिंबांपासूनच होते. माझा स्वभाव मुळातच आडमुठा, त्यात तसलीच नोकरी मिळाली. आधीच मर्कट, तशातच मद्य प्याला, असं नवरा म्हणतो ते काही खोटं नाही.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील मिठागरात. घरात भाकऱ्या कोण थापणार हा प्रश्न आला तेव्हा ताईनं सातवीत शाळा सोडली. मी रडून गोंधळ घातला असता असं नाही, मी तेव्हा एवढीशी होते, पण पुढेही कधी कुणी मला शाळा सोड म्हणालं नाही, कारण भाकऱ्या थापल्या जातच होत्या. माझ्या वेण्या ताईनं घातल्या, पहिलं लुगडं तिनं नेसवलं, वकिलीच्या परीक्षेला मी पनवेलच्या एसटी स्टँडवरून निघाले तेव्हा हातात दही-साखर तिनं ठेवली. तिचं लग्न गावातच झालं, आमच्या घरापासून चार घरं सोडून. मी जज झाले तेव्हा तिनं अख्ख्या आळीत पेढे वाटले आणि म्हणाली, "आता काय बाबा, आमची बाय साहेब झाली." तेव्हा ते बोलणं लाडाचं होतं.

मग तिच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. गावजेवण, बँजो, रात्रभर नाच, येणारे-जाणारे पुढारी आणि बिल्डर. ताईच्या नवऱ्याचा, म्हणजे भावजींचा, त्या वेळी एका बिल्डरशी जमिनीचा दावा चालू होता. दावा माझ्यापुढे नव्हता, माझ्या जिल्ह्यातही नव्हता, माझा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण भावजींनी हौसेनं गावाच्या नाक्यावर एक भला मोठा बॅनर लावला. वर नवरा-नवरीचे फोटो, खाली स्वागतोत्सुकांची रांग, आणि रांगेत पहिला फोटो माझा, काळ्या कोटातला, खाली माझा हुद्दा लाल अक्षरात. मला कुणीतरी मोबाइलवर तो पाठवला. मी ताईला फोन करून सांगितलं, बॅनर उतरवा, नाहीतर मला येता येणार नाही. ताई म्हणाली, "उतरवतात गं, तू ये तर आधी." मी परत विचारलं, उतरला का? ती म्हणाली, "हळदीच्या घरात मला बॅनर बघायला टाइम हाय का? तू ये." बॅनर उतरला नाही. मी गेले नाही.

यात माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. दाव्यातला समोरचा माणूस त्या बॅनरखालून रोज जात होता. त्यानं काय समजावं? पण ताईचंही काही चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि सगळं दुखणं तिथंच आहे. मावशीच्या हातची हळद लागल्याशिवाय नवरीला बाकीच्यांची लावायची नाही, असा ताईनं हट्ट धरला होता. वाटी झाकून ठेवली होती म्हणे. बायका ताटकळल्या, गाणी गाऊन दमल्या, शेवटी कुणीतरी ताईच्या हातून वाटी काढून घेतली. त्या दिवसापासून ताई माझ्याशी बोलली नाही. फोन केला की सून उचलायची आणि सांगायची, मावशी, आई झोपल्यात. दिवसाढवळ्या, कधीही केला तरी त्या झोपलेल्याच.

निवृत्त झाल्यावर आम्ही खारघरला फ्लॅट घेतला. टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर, खिडकीतून डोंगर दिसतो. लोक म्हणतात, काय शांत जागा मिळाली आहे. मला त्या शांततेनं वेड लागायची पाळी आली. कोर्टाची वेळ झाली की पाय आपोआप चपला शोधायचे. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. डबे काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. वर्तमानपत्र वाचताना हातात पेन लागायचं. इतकी वर्षं मी खोलीत शिरले की लोक उठून उभे राहायचे, आणि आता लिफ्टमध्ये एक बाई मला म्हणाली, "काकू, जरा आत सरका ना." मी सरकले. राग आला, पण कुणावर काढणार?

दोनदा गावात जाऊन आले. पहिल्या वेळी सुनेनं चहा दिला, ताई आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं, आत पंखा चालू, बाहेर मी चहाचा कप हातात धरून बसलेली. माझ्या भाचीचा मुलगा माझ्याकडे पाहत होता, ही कोण म्हणून. दुसऱ्या वेळी दाराला आतून कडी होती आणि आत टीव्हीचा आवाज येत होता. शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "मगाशी तर होत्या हितं. तुमची रिक्षा बघितली न् मागल्या दारानं गेल्या." म्हणजे साठी उलटलेल्या जज बाईला बघून सत्तरीकडे झुकलेली तिची बहीण मागच्या दारानं पळाली. मला हसूही आलं आणि रिक्षात बसल्यावर रडूही आलं. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

अशात महापालिकेच्या निवडणुका लागल्या आणि पक्षाची माणसं माझ्याकडे आली. ती माझ्या माहेरच्या प्रभागातली होती. त्यांना महिला उमेदवार हवी होती, गावातली हवी होती आणि स्वच्छ हवी होती. बोलायला पुढे होते ते गृहस्थ पूर्वी रिक्षा युनियन चालवायचे. पुढे तेच माझे प्रचारप्रमुख झाले. अंगानं भरलेला, हसरा, सतत घाम पुसणारा माणूस. "मॅडम, तुमचं नाव म्हणजे फुल इज्जत. विरोधक काय बोलणारच नाय," ते म्हणाले. माझं मत खारघरच्या यादीत आणि उमेदवारी माहेरच्या प्रभागात, म्हणजे मला स्वतःला मतसुद्धा देता येणार नव्हतं. पण नियमात बसत होतं. मी त्यांना एकच विचारलं, प्रचारात प्रत्येक घरी जावं लागतं का? ते म्हणाले, "प्रत्येक घरी, मॅडम. एक दार सुटलं तर ते घर पाच वर्षं तोंडावर बोलून दाखवतं." मी मनात म्हटलं, मग ठरलं.

मुलगा डब्लिनला असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, इथं हे अगदी सर्रास होतं, आई. त्याच्या घराजवळच्या वाचनालयात तिथल्याच कुठल्या जुन्या न्यायाधीशाचा फोटो लावलेला आहे. आधी वकील, मग निवडून गेलेला पुढारी, मग सरकारचा वकील, आणि शेवटी न्यायाधीश होऊन खुर्चीत बसला तो मरेपर्यंत. पुढारी असताना दारोदार फिरला, खेड्यातल्या लोकांच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्याला, आणि न्यायाधीश झाल्यावर त्याच लोकांना रस्त्यात फक्त टोपी उचलून नमस्कार करायचा. "तू त्याचंच करते आहेस, फक्त उलटं," मुलगा हसत म्हणाला. मला ते काही केल्या डोक्यातून जाईना. त्या माणसानं आधी सगळ्यांच्या घरात बसून घेतलं आणि मग दार लावलं. मी आधी दार लावलं आणि आता म्हातारपणी कड्या वाजवत निघाले होते. त्याला निदान आठवणी होत्या.

प्रचार सुरू झाला आणि माझी एकेक शोभा व्हायला लागली. पहिली गोष्ट म्हणजे मला हात जोडता येईनात. लोक नमस्कार करायचे, मी मान हलवायची. प्रचारप्रमुख कानाशी येऊन म्हणायचे, "मॅडम, हात. हात." माणसं आपली गाऱ्हाणी सांगायला लागली की मी म्हणायची, मुद्द्याचं बोला. एका म्हातारीनं पाण्याची तक्रार सुरू केली, ती सुनेवरून मुलावर आणि मुलावरून गेलेल्या नवऱ्यावर गेली, आणि मी तिला म्हटलं, हे या विषयाला धरून नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. प्रचारप्रमुखांनी तिला बाजूला नेऊन अर्धा तास ऐकून घेतलं. नंतर मला म्हणाले, "मॅडम, ती मत देताना पाण्याचं आठवणार नाय. तुम्ही तिच्या नवऱ्याचं ऐकलं का, ते आठवणार."

मग गटाराचं प्रकरण झालं. मधली आळी आणि वरची आळी यांच्यात एका गटारावरून वर्षानुवर्षं भांडण. पाणी कुणाचं, दगड कुणी टाकले, वगैरे. दोन्हीकडच्या लोकांनी देवळापुढं मला बोलावलं. कुठल्याही शहाण्या उमेदवारानं दोघांनाही, "आपण निवडून आल्यावर बघूया," असं सांगून चहा पिऊन निघून यायचं. मी काय केलं? मी आधी एका बाजूचं ऐकलं, मग दुसऱ्या बाजूचं ऐकलं, चप्पल काढून गटारात उतरून उतार पाहिला, आणि देवळाच्या पायरीवर उभी राहून निकाल दिला. कारणांसह. वरच्या आळीची चूक आहे, दगड काढा. अंगात भिनलेलं जातं कुठं? निकाल दिला की एक बाजू नाराज होते, हे मला सगळं आयुष्य माहीत होतं. नाराज बाजूलाही मत असतं, हे मात्र त्या पायरीवरून उतरताना पहिल्यांदा लक्षात आलं. बरं, ज्यांच्या बाजूनं निकाल दिला ते तरी खूश व्हावेत? ते म्हणाले, त्यात काय, आमचं बरोबरच होतं.  गाडीत प्रचारप्रमुख म्हणाले, "मॅडम, तेल पण गेलं न् तूप पण गेलं." मी म्हटलं, पण निकाल बरोबर होता. ते म्हणाले, "एकदम बरोबर होता, मॅडम. प्रॉब्लेम तोच हाय."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ताटं. आमच्याकडे उमेदवार दारात आला की घरची बाई ताट घेऊन ओवाळते. कुंकू, अक्षता, निरांजन. ओवाळल्यावर ताटात काही टाकायचं असतं, हे शेंबड्या पोराला कळतं. रिकामं ताट परत आत जाणं म्हणजे त्या बाईचा अपमान. पण आचारसंहिता लागू होती. उमेदवारानं मतदार बाईच्या ताटात नोट टाकली तर ती लाच होते, आणि मी असल्या गोष्टींत आयुष्य घालवलेलं. मी पहिल्या घरापासून ठरवलं, ताटात काही टाकायचं नाही. बाकीच्या पक्षांचे उमेदवार गुपचूप टाकायचे, किंवा मागून येणारा कुणीतरी टाकायचा. मी हात जोडायची आणि पुढे जायची. बायका तोंडावर हसायच्या, पाठ वळली की म्हणायच्या, "जज बाय हाय ना, हात आखडता." मला ऐकू यायचं. मी बहिरी नाही. रोज संध्याकाळी पाय सुजून घरी यायची आणि परत गॅलरीत येरझाऱ्या. नवरा म्हणायचा, अगं, दिवसभर चाललीस ना, आता बस की. बसवत नव्हतं. खाडीकडची आळी अजून व्हायची होती.

त्या आळीचा दिवस आला तेव्हा मी सकाळपासून दोनदा साडी बदलली. शेवटी ताईनं एकदा दिवाळीला पाठवलेली, मऊ पडलेली हिरवी साडी नेसले. ढोलवाले पुढे, बायका मागे, मध्ये मी. एकेक घर ओवाळत होतं. ताईचं घर वळणावर आहे, ओटा उंच, पुढे तुळस. लांबूनच पाहिलं, ओट्यावर ताई उभी होती. स्वतः. हातात ताट. मला ढोल ऐकू येईना. इतक्या वर्षांनी तिचं तोंड दिसत होतं. केस पांढरे झालेले, खांदे वाकलेले, पण उभं राहायची पद्धत तीच, एक हात कमरेवर.

मी ओट्याच्या पायरीवर चढले. म्हटलं, ताई.

ती म्हणाली, "या मॅडम. आमच्या घरी आलात, बरं वाटलं."

मॅडम. आणि अहोजाहो. जिनं मला न्हाऊमाखू घातलं ती मला आलात म्हणत होती. तिनं कुंकू लावलं, अंगठा थरथरला नाही. निरांजन ओवाळलं, अक्षता टाकल्या. मग ताट धरून उभी राहिली. सगळी आळी बघत होती. बहिणीनं ओवाळलंय, आता तरी टाकेल, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं. मागून प्रचारप्रमुखांनी माझ्या मुठीत घडी केलेली नोट सरकवली आणि पुटपुटले, "मॅडम, हितं तरी. सख्खी बहीण हाय. कोण कंप्लेंट करतंय?"

टाकावी असं मला इतकं वाटलं की हात ताटापर्यंत गेला. नोट काय, गळ्यातलं मंगळसूत्र काढून ताटात ठेवलं असतं. पण मी उमेदवार म्हणून तिथं उभी होते, आणि ती माझ्या प्रभागातली मतदार होती. हात परत आला. मी नोट प्रचारप्रमुखांच्या हातात परत दिली आणि हात जोडले.  ताईनं रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, की मला तसं वाटलं, कोण जाणे. ती म्हणाली, "पुढं बरीच घरं हायत, मॅडम. ऊन चढायच्या आत उरका." आणि आत गेली. दार लोटलं गेलं. ज्या दारासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, त्याच्या उंबऱ्यापर्यंत मी पोचले आणि उंबऱ्यावरूनच मागे आले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. सभा झाल्या, मी बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मतदान झालं. मी रात्री गादीवर पडायची आणि पंख्याकडे बघून ताईच्या ओठाचा तो कोपरा आठवायची. राग होता का तो? की हसू? सगळं आयुष्य साक्षीदारांचे चेहरे वाचण्यात गेलं, आणि सख्ख्या बहिणीचा वाचता येईना.

मी पडले. चांगली सपाटून पडले. वरच्या आळीनं पाडलं ते अपेक्षितच होतं. मोजणीच्या ठिकाणाहून बाहेर येताना प्रचारप्रमुखांचा चेहरा उतरलेला होता. ते म्हणाले, "मॅडम, एक सांगू का? राग मानू नका. खाडीकडच्या आळीनं पण नाय दिलं. पूर्ण आळी फिरली." मी विचारलं, का? मी तर तिथं निकालही दिला नव्हता. ते घाम पुसत म्हणाले, "तुमची ताई घरोघर गेली होती. सगळ्यांना सांगून आली, हिला मत देऊ नका. मला कालच कळलं होतं, म्हटलं मोजणी होऊ दे."

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती काय सांगू. पडल्याचं दुःख कुठल्या कुठं गेलं. मी त्यांची गाडी नको म्हटलं, नवऱ्याचा फोन उचलला नाही, रस्त्यावरची पहिली रिक्षा थांबवली आणि गावाचं नाव सांगितलं. न बोलणं समजू शकते. मागच्या दारानं पळणं समजू शकते. पण दारोदार जाऊन माझी मतं तोडायची? कुणी परक्यानं केलं नाही ते हिनं करावं? वाटेत मी सगळं बोलणं तयार केलं, मुद्दा एक, मुद्दा दोन, जसं निकाल लिहायला बसावं तसं. रिक्षा गावाच्या नाक्यावरून वळली. तिथं आता जिंकलेल्या बाईचा बॅनर लागत होता, पोरं शिडी लावून चढली होती. मी तिकडे पाहिलंही नाही.

ताईचं दार उघडं होतं. सताड. ती ओट्यावर जमिनीवर बसलेली, पुढ्यात सुपात सुका जवळा, ती निवडत होती. मला बघून ती उठली नाही आणि पळालीही नाही.

मी तिथूनच सुरू केलं. म्हटलं, तू माझ्याविरुद्ध सांगत फिरलीस?

"फिरले."

म्हटलं, घरोघर?

"घरोघर. गुडघे दुखतायत अजून." तिनं जवळ्यातला एक खडा काढून अंगणात टाकला.

म्हटलं, एवढा राग? एका बॅनरसाठी? मी तुझ्या मुलीच्या हळदीला आले नाही म्हणून तू माझं नाक कापलंस सगळ्या पनवेलपुढं?

 तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं, तसंच, ताट धरताना पाहिलं होतं तसं. आता मला दिसलं की तो राग नव्हता. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसत नव्हती.

"त्या दिवशी तुझ्या हातात नोट दिली त्यानं," ती म्हणाली, "न् तू माघारी केलीस. सगळ्यांच्या देखत. सख्ख्या बहिणीच्या ताटात टाकली नायस. तवाच मी म्हटलं, ही काय बदललेली नाय. ही निवडून आली तर परत तशीच करणार. परत ह्याच्याकडं जायचं नाय, त्याच्याकडं जेवायचं नाय, लोक काय म्हणतील. बहिणीच्या घरी गेली तर म्हणतील बहिणीचं काम करते. माझ्या पोराच्या पोरीचं लग्न पुढच्या साली हाय. तवा पण तू येणार नाय."

मी म्हटलं, ताई, मी मुळात उभी राहिले ती तुझ्या दारात यायला मिळावं म्हणून.

"मग यायचं नुसतं. कशाला ढोल हवा?"

 नुसतं दोनदा आले होते आणि ती पळाली होती, हे मी तिला सांगू शकले असते. सांगितलं नाही.

 मग ती म्हणाली, "एका खुर्चीनं तुला माझ्याकडनं नेली ती म्हातारी करून परत धाडली. दुसऱ्या खुर्चीला मी माझ्या हातानं कशी देऊ गं? माझी किती वरसं राहिलीत?"

मी उभीच होते. बसायचं सुचत नव्हतं. सगळे मुद्दे, एक, दोन, तीन, कुठं गेले कळलं नाही. पर्समध्ये फोन वाजायला लागला. प्रचारप्रमुख होते. म्हणाले, "मॅडम, वकिलांशी बोललो. दुसऱ्यांनी ताटात पैसे टाकल्याचे व्हिडिओ हायत आपल्याकडं. कोर्टात जाऊ या. केस स्ट्राँग हाय, तुम्हाला तर माहीतच." खरंच स्ट्राँग होती. मला ऐकता ऐकताच कलमं दिसायला लागली होती.

ताईनं सूप पुढ्यात ओढलं होतं आणि मान खाली घालून परत निवडायला लागली होती. पण तिचे हात चालत नव्हते. ती ऐकत होती.

मी फोनवर म्हटलं, नको. निकाल मान्य आहे मला.

"पण मॅडम..."

मान्य आहे म्हटलं ना, मी म्हटलं आणि फोन बंद केला.

 मग सूप सरकवून ताईनं आपल्या शेजारी जमिनीवर जागा केली. "बस," ती म्हणाली. "चष्मा आणलायस का? मला खडे दिसत नायत."